कबरीतला व्हिडिओ कॉल

पप्पांच्या मातीच्या वेळी मी कबरीत पडलो, तेव्हा मी जर्मनीत होतो.

त्याचं असं झालं. दूरसंचारात डॉक्टरेट करून मी तिकडे नोकरीला गेलो आणि अकराव्याच दिवशी राहात्याहून सुधीरचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, फोन आला. पप्पा सकाळी चहा पिता पिता गेले. दफन संध्याकाळी. मला पोचायला निदान दीड दिवस! (उशिरा येणाऱ्यासाठी थांबायची सवय पप्पांना नव्हतीच. आयुष्यभर मास्तर.)

"दादा, तू काळजी करू नको. कॉलवर समदं दाखवतो," सुधीर म्हणाला.

दाखवलं. आधी बराच वेळ स्वतःच्या नाकपुड्या.

"सुध्या, कॅमेरा फिरव!"

फिरवला. आता लोकांच्या चपला दिसू लागल्या आणि तेवढ्यात चित्र गोठलं. त्या गोठलेल्या चपलांपुढे उभा राहून मी अख्खी प्रार्थना म्हटली, रडलो, सोडून आल्याबद्दल पप्पांची माफी मागितली. मग लक्षात आलं, आवाज माझ्याच बाजूनं बंद होता! (डॉक्टरेट!)

आवाज सुरू केला, चित्रही हललं. पेटी खाली उतरत होती.

"सुध्या, अजून जवळ ने रे. पप्पा दिसत नाहीत!"

सुधीर भला माणूस. काठावर वाकला. त्याला हुंदका आला, फोन हातातून निसटला आणि मी गेलो! थेट पेटीवर, पालथा. माझ्या पडद्यावर काळाकुट्ट अंधार. मी घाबरून बोंबललो, "हॅलो! हॅलो! ऐकू येतंय का कुणाला?"

कबरीतून आवाज! त्यात आम्हा बापलेकांचा आवाज अगदी एकसारखा. मावशी किंचाळली. पाळकसाहेबांची प्रार्थना अर्ध्यात तुटली. "आरं, मास्तर बोलायला लागलं!" असं कुणीतरी ओरडलं आणि पळापळीचा आवाज आला.

पळाली नाही ती फक्त आई. तिचा आवाज अगदी जवळून आला, काठावरून.

"अहो... काय हुतंय तुमाला? काढू का बाहेर?"

बोलणं भाग होतं.

"आई, मी आहे."



"तू व्हय," आई म्हणाली.

मी परदेशी जावं म्हणून वर्षानुवर्षं प्रार्थना करणारी ती बाई! माझा आवाज ऐकून कुणाची एवढी निराशा झालेली मी आजवर पाहिली नाही. (तेव्हाही पाहिली नाहीच. मी पालथा होतो.)