पाठराखीण चाची

हमीदाचाची लांबच्या गाडीत कधी पाठ टेकत नसे. आमच्या मोर्शीकडच्या गावात ती बांगड्या भरायची. माहेर कानपूरकडचं, त्यामुळे वर्षाआड तिकडे जाणं होई. बाकावर ताठ बसून ती समोरच्यांचे चेहरे न्याहाळत राही. “दूरच्या गाडीत मानूस आपलं गाव इसरते,” ती म्हणे, “मंग त्याले कोनाची लाज रायत नाही.”

संत्र्याच्या बागा वाळल्या, कापसाला कोणी विचारीना, त्या वर्षांत गावात परमुलखातली स्थळं येऊ लागली. हुंडा नको, मानपान नको, फक्त पोरगी द्या. देवळात हार घालायचे नि बडनेऱ्याला गाडी गाठायची. गेलेल्या पोरींची खुशाली कळेनाशी झाली, तरी पुढची निघतच होती.

मला आई नव्हती. माझंही तसंच ठरलं. पाठराखीण नको, असं नवऱ्याकडच्यांनी बजावलं. चाची तडक आमच्या घरी आली आणि वडिलांना म्हणाली, “पोरीले माय नाही म्हून पाठराखीन नाही काय? मी जातो संगं.”

नागपूर मागे पडलं तशी नवऱ्याची नि त्याच्या काकाची बोली बदलली. मला एक शब्द कळेना. चाची त्यांच्याशी मुद्दाम वऱ्हाडीतच बोलत आली होती. ती बोली तिच्या माहेरचीच होती; पण तिला साधी हिंदीही समजत नाही, असं धरून ते मोकळेपणी हसत-बोलत होते. अचानक तिनं माझा हात धरला.

“चपला पायातच ठेव.”

“काऊन वं, चाची?”

“इटारसी येऊन रायली. मी उठली का तूबी उठजो.”

पाण्याच्या निमित्तानं आम्ही उतरलो. नवरा धावत आला, माझं मनगट आवळलं. चाची स्वच्छ हिंदीत ओरडली, “लड़की को बेचने ले जा रहा है!” भर दुपारी अख्खा फलाट आमच्याभोवती गोळा झाला. त्यानं हात सोडला आणि सुटत्या गाडीत उडी मारली.

मग परमुलखात निघालेल्या प्रत्येक पोरीबरोबर चाची जाऊ लागली. घर बघायची, पोरीशी एकटीशी बोलायची, मगच परतायची. दोघींना तर ती परत घेऊनच आली. बडनेऱ्याच्या फलाटावर काही अनोळखी माणसं तिच्याकडे बोट दाखवू लागली. मी म्हटलं, “चाची, आता पुरे.”

“मंग कोन जाईन? तू?”



शेवटी ती शेजारच्या शोभाबरोबर निघाली. मी पोचवायला गेले होते. समोरच्या बाकावर चौघे बसले होते. लग्नात मी त्यांतल्या एकालाच पाहिलं होतं. खिडकीशी वाकून मी तसं सांगितलं.

“दिसलं मले,” चाची हळूच म्हणाली. “तू मांगं हो.”

गाडी हलली.

काही दिवसांनी शोभा एकटीच परतली. एका लहान स्टेशनात चाचीनं तिला खाली ढकललं आणि स्वतः डब्याचं दार अडवून उभी राहिली. गाडी तशीच पुढे गेली. लोकांनी शोभाला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसवत घरी धाडलं. तिला वाचता येत नव्हतं. ते स्टेशन कोणतं, हे तिला सांगता आलं नाही, आणि चाचीला शोधायला कुठून सुरुवात करावी, हे आम्हाला कधीच कळलं नाही.