फळी आणि गौतम सर

फळी मी कापली होती. हे आजवर कुणाला, बायकोलाही, सांगितलेलं नाही.

परतूरला आमच्या शाळेच्या मैदानावर गौतम सर रोज सकाळी तायक्वांदो शिकवायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तिथंच नवा शिक्षक होतो आणि त्यांचा सगळ्यात थोराड शिष्य. गावात सरांचं कुणी नव्हतं. एक खोली, एक स्टोव्ह, दोरीवर वाळणारा पांढरा पोशाख. कुणी 'कराटेवाले सर' म्हटलं की लगेच अडवायचे, "कराटे जपानचं. हे कोरियाचं. ताय म्हंजे लाथ, क्वॉन म्हंजे मूठ, दो म्हंजे वाट. लाथ तर गाढवबी मारतंय, बाबा. वाट पाहिजे." मोजणीही कोरियनच : हाना, दुल, सेत.

पट्टा सुटला की समोरच्याकडे पाठ करायची, नीट बांधायचा, मग वळून वाकायचं, हा त्यांचा नेम. "आपला ढिलेपणा दुसऱ्याला कशाला दाखवायचा?"

स्नेहसंमेलनात मला हातानं फळी फोडायची होती. सरावात हात सुजला होता, आणि पुढच्या रांगेत होणारे सासरे बसणार होते. आदल्या दुपारी मी फळीला मागून निम्म्यापर्यंत करवत लावली.

ऐनवेळी सरांनी माझा हात पाहिला. "तू धर. मी फोडतो."

मी नाही म्हणू शकलो नाही. कापलेली बाजू छातीशी धरून उभा राहिलो. फळी फुटली. एक तुकडा मुख्याध्यापकांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलून गुळगुळीत कड सगळ्यांना दाखवली.

"सर, करवतीला कोणत्या रंगाचा बेल्ट देता?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मंडप हसला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. म्हणाले, "फळी माझी, जिम्मेदारी माझी." मग आमच्याकडे पाठ करून पट्टा नीट केला. ते वळतील म्हणून आम्ही पोरं-मास्तर वाकायला उभे होतो. ते वळले नाहीत. तसेच चालत गेले.

आठवड्यात वर्ग रिकामा झाला. मीही जायचं सोडलं. तरी महिनाभर मैदानावरून शिक्षकांच्या खोलीत ऐकू यायचं, एकट्याचं : हाना, दुल, सेत.

सर गाव सोडून निघाले तेव्हा स्टेशनवर मी त्यांची पेटी धरून उभा होतो. पेटी घेत म्हणाले, "न्हाई फुटली असती तर काय झालं असतं रे? हात दुखला असता, बस."



सर जालन्यात वारले, हे मला दोन वर्षांनी कळलं. मुख्याध्यापक अजून आहेत, मैदानही आहे. तिथं चार माणसांसमोर उभं राहून 'फळी मी कापली' एवढं मोठ्यानं म्हणायचं मी सरांचं देणं लागतो. अजून म्हटलेलं नाही.