नाव कुटलं, घरचं की माझं?

१९३० नंतरच्या एका उन्हाळ्यात सोलापूरच्या एका गिरणीतून सुताचे गठ्ठे चोरीला गेले आणि आम्ही पोलिसांनी एका निरपराध विणकराला कोठडीत टाकले. पुरावा एकच, त्याची ओळखचिठ्ठी. ते प्रकरण आठवले की आजही डोके तापते.

त्या दिवसांत शहरात एकच वाद होता. प्रत्येक कामगाराने नावाची चिठ्ठी जवळ बाळगावी, अशी गिरणीमालकांची मागणी होती. एक नामांकित वकील सभांतून विचारीत, ज्याच्या मनात पाप नाही त्याला चिठ्ठीचे भय कसले? कामगारांचे म्हणणे असे, की पास घेऊन हिंडावे लागते ते सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड वसवलेल्या जमातींना. आता आम्हालाही गुन्हेगार ठरवणार काय? वाद मिटला नव्हता, तरी या गिरणीने विणकाम खात्यात चिठ्ठ्या वाटूनही टाकल्या.

चोरीचे सूत वैराग गावच्या एका व्यापाऱ्याने घेतल्याची खबर आली. मी त्याला गाठले. तो जराही घाबरला नाही.

"त्याच्याकडं चिठ्ठी व्हती की साहेब. मग चोर कसा आसंल?"

चिठ्ठीवरचे नाव त्याच्या लक्षात होते. चोराने चोरीचा माल चिठ्ठी दाखवूनच खपवला होता.

गिरणीच्या बाबूने त्या नावाचा विणकर आमच्या हवाली केला. मी ओळखपरेडची परवानगी मागितली. डेप्युटी साहेबांनी विचारले, "चिठ्ठी आहे ना? मग परेड कशाला?" त्याच दिवशी गिरणीने त्याला कामावरून काढले आणि चाळीतली खोली रिकामी करून घेतली. त्याची बायको भांडीकुंडी घेऊन ठाण्यासमोरच्या लिंबाखाली येऊन बसली.

जबाब घेताना मी नेहमीप्रमाणे आधी नाव विचारले. तो तेलुगू घरातला, मराठी अडखळत बोलणारा.

"कुटलं नाव साहेब? घरचं की माझं?"

जमादाराने त्याच्या तोंडात मारली. "दोन-दोन नावं सांगतोस व्हय रं?"

मी जमादाराला बाहेर काढले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा उलगडा झाला. या विणकरांत घराण्याचे नाव आधी सांगतात, स्वतःचे मागून. बाबू पहिला शब्द ऐके, तोच माणसाचे नाव म्हणून लिही आणि पुढे जातीचे 'साळी' लावी. घराण्याचे नाव एकच असलेल्या सगळ्या पुरुषांच्या चिठ्ठ्या त्यामुळे शब्दाला शब्द सारख्या झाल्या होत्या. सोलापुरात जन्म काढलेल्या त्या बाबूला हे ठाऊक नव्हते, असे नाही.

मी त्याला जाब विचारला. पान चघळत तो म्हणाला, "तुम्ही एक मागितला, मी एक दिला."

व्यापाऱ्याला गिरणीच्या फाटकाशी आणून त्या नावाच्या सगळ्यांना समोर उभे केले. त्याने दुसऱ्याच चाळीतल्या एकाकडे बोट दाखवले. त्या माणसाच्या घरझडतीत उरलेले सूत मिळाले, पंचनामा झाला आणि त्याने कबुलीही दिली. आम्ही पकडलेल्या माणसाचे त्याच्याशी घराण्याच्या नावापलीकडे काही नाते नव्हते.

कागदावर नाव आले की माणूस सापडला, असे मानणारा पोलीस आळशी असतो आणि तसे मानणारा साहेब धोकादायक. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच.

पुढच्या सभेत वकिलांनी हेच प्रकरण सांगितले: चिठ्ठी होती म्हणूनच चोर सापडला. टाळ्या पडल्या. मागून एका विणकराने विचारले, "पयला का दुसरा, वकीलसाहेब?" त्याला सभेबाहेर काढण्यात आले.

सुटलेल्या विणकराची खोली तोवर दुसऱ्याला दिली गेली होती. नवी चिठ्ठी घेण्याच्या अटीवर गिरणीने त्याला कामावर परत घेतले. त्याच बाबूने नाव विचारले. विणकराने घरचे नाव सांगितले, मग आपले. बाबूने पहिला शब्द लिहिला, पुढे 'साळी' लावले आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.