जानकीवहिनींचं कूळ

आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये कुणी वारलं की पहिला फोन डॉक्टरांना जातो आणि दुसरा माझ्या थोरल्या जावेला. सुतक या विषयात जानकीवहिनींचा शब्द अखेरचा. चुलत सासऱ्याच्या भावाचं किती दिवस धरायचं, गणपती तोंडावर आलाय तर काय करायचं, अमेरिकेत वारलेल्या माणसाची तिथी तिथली की इथली, सगळं त्या बांगडे तळता तळता सांगतात. त्या चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही. चुकल्या असतीलही, पण कबूल केल्याचं पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या मालाडच्या धाकट्या बहिणीला, शकुला, स्तनाचा कॅन्सर निघाला. त्यांची आई त्यानेच गेली होती, मावशीही. डॉक्टरांनी शकुच्या जीनची तपासणी केली, त्यात दोष सापडला, आणि निरोप आला की सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. वहिनींनी मला सोबत नेलं. हॉस्पिटलात भांडायला मी बरी, असं त्यांचं मत आहे आणि ते खोटं नाही.

तिथे श्वेता नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. जीनच्या गोष्टी पेशंटला समजावून सांगायच्या, हेच तिचं काम.

"हा व्हायरस असणार," वहिनींनी सुरुवातच केली. "शकुच्या सासरी टाकी कधी धुतच नाहीत."

"व्हायरसने होणारे कॅन्सर असतात, काकू," श्वेता म्हणाली. "गर्भाशयाच्या मुखाचा, लिव्हरचा. व्हायरस पेशीत शिरतो आणि तिच्या वाढीला आवर घालणारे जीन बंद पाडतो. मग कित्येक वर्षांनी गाठ होते. म्हणून तर मुलींना लस देतो. पण शकुताईंचं तसं नाही. पेशीतल्या चुका दुरुस्त करणारा एक जीन असतो, तो त्यांच्यात जन्मापासूनच बिघडलेला आहे. आईकडून आलाय."

वहिनींचा चेहरा पडला. व्हायरस परवडला असता. तो बाहेरून येतो, त्याचं खापर कुणाच्याही डोक्यावर फोडता येतं. पण त्या हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत.

"आईकडून ना? मग माझा प्रश्नच येत नाही. माझं कन्यादान झालंय."

श्वेताने फाइलीवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"अगं, कूळ बदललं, गोत्र बदललं. मी आता तावड्यांची नाही, परबांची. आई गेली तेव्हा मला सुतक तीनच दिवसांचं. भावाने दहा दिवस धरलं. आता तूच सांग, तिचं जे काय असेल ते कुणाकडे जास्त जाणार?"

श्वेताने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी ती बिचारी म्हणाली, "काकू, हे आम्हाला कोर्सला नव्हतं."

घरी आल्याआल्या वहिनींनी विक्रोळीला भावाला फोन लावला. भावाचं नाव बाळ, वय पंचावन्न. "मी पुरुषमाणूस, माझा काय संबंध!" तो म्हणाला. वहिनींनी त्याला अस्सा झापला! दहा दिवस सुतक कुणी धरलं? पिंडाला कावळा शिवेना तेव्हा हात कुणी जोडले? मुकाट जा. बाळ गेला. पुरुषांकडूनही हा दोष मुलांकडे जाऊ शकतो असं श्वेताने सांगितल्यावर त्याने आपल्या लेकीच्या, सईच्या काळजीने रक्त दिलं. रिपोर्ट आला, बाळ साफ.

वहिनींनी त्या दिवशी घावणे केले. "मुळात घराण्यातच नाही! शकुचं काहीतरी वेगळंच असणार." श्वेताने फोनवर सांगून पाहिलं की प्रत्येक अपत्याची शक्यता वेगळी, अर्धी अर्धी. भावाला नाही म्हणून बहिणीला नाही, असं नसतं. वहिनींनी तिला डबा भरून घावणे पाठवले आणि विषय मिटवला.

तो पुन्हा उकरला त्यांच्या लेकीने. ऋतिका पंचवीस वर्षांची, तोडून बोलणारी. "आई, तुझ्यात दोष नसला तर माझ्यात येणारच नाही. मला टेस्टच नको. पण तू नाही केलीस तर मी जाऊन करते."

वहिनी तडक उठल्या. सगळ्यांची तोंडं एकदाची बंद करायला म्हणून गेल्या.

दोष निघाला.

श्वेता पुढचं सांगत होती. आता लगेच कॅन्सर झालाय असं नाही, दरवर्षी एमआरआय करू, अंडाशयालाही धोका असतो, ते काढण्याचा विचार करू. वहिनी मधेच म्हणाल्या, "ते माझं राहू दे. ऋतिकाला?"

"अर्धी शक्यता, काकू."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. या बाईला स्वतःसाठी भीती वाटतच नव्हती. शकुचं कळलं त्या दिवसापासून तिला आतून सगळं ठाऊक होतं. आपण एकदा पक्क्या परब ठरलो की पोरीपर्यंत काही पोचणार नाही, म्हणून ती सगळी वकिली. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की रिक्षात मी त्यांच्याशी भाड्यावरून भांडले.

ऋतिकाने परवा रक्त दिलं. काल सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला. आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं, पण भावोजींच्या, म्हणजे ऋतिकाच्या बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. मग सासूबाईंनीच हात जोडले.

"आजी, सँपल गेलं पण," ऋतिका कुजबुजली. "आता देव काय बदलणार?"

"तू गप ऱ्हव," सासूबाई म्हणाल्या आणि सुरू झाल्या. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरासाठी तुझ्याम्होरं नारळ ठेवलो हा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"तेचो रिपोट बरो येवंदे."

"व्हय म्हाराजा."

एवढ्यात वहिनी पुढे झाल्या. डोळे मिटलेले, आवाज चिरका. "देवा, तिच्यात सगळं परबांचंच असू दे. माझं काही म्हणजे काही नसू दे."

कुणी व्हय म्हणेना. कसं म्हणणार? भावोजी भिंतीकडे बघत राहिले. तीस वर्षांत थोरल्या सुनेला बरं म्हणून एक शब्द न बोललेल्या आमच्या सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"ह्या बायचा आयकू नको रे देवा," त्या खेकसल्या. "रोग तेवडो नको. बाकी सगळा ह्या जानकीचा, तेच्या आवशीचाच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. सगळ्यांत मोठा आवाज ऋतिकाचा होता.