दादाचा क्लीन बूस्ट

अख्ख्या बनारसमध्ये माझ्या आतेभावाइतका तयार कान कुणाचा नसेल, आणि त्या कानाने इतकं कमी ऐकलेला माणूसही दुसरा नसेल. त्याचं घराणं दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं सांगणारं. दादाने मात्र विसाव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार धरली आणि पुढे पोटासाठी रेल्वेच्या कचेरीतली खुर्ची. त्याचे वडील, म्हणजे आमचे आतोबा, त्यावर एवढंच म्हणाले, "कर काय करायचं ते." त्यानंतर गिटारच्या खोलीत त्यांनी पाऊल ठेवलं नाही.

बँकेच्या बदलीने मी बनारसला आलो आणि दर रविवारी दुपारी दादाकडे जेवायला जाऊ लागलो. जेवण झालं की माझी परीक्षा सुरू. गिटारचा खरा आवाज जगापर्यंत पोचतच नाही, हे दादाचं आयुष्यभराचं दुःख. लांब वायरीत त्याची धार मरते आणि पुढे अँप्लिफायर सुस्तावतो, असं त्याचं निदान होतं. त्यावरचा उपाय त्याने मुंबईहून मागवला होता. क्लीन बूस्ट नावाची मूठभर लोखंडी डबी, वर पायाने दाबायचं एक बटण आणि फिरवायची एक खुंटी. "ही आपल्या पदरचं काही मिसळत नाही," दादा सांगायचा, "जे आहे तेच जोर देऊन पुढे पाठवते. माणसं अशी का नसतात रे?" मग बटण न दाबता तीन सूर, दाबून तेच तीन सूर, आणि प्रश्न: "फर्क कळतोय?" नुसता मोठा झालेला आवाजही कानाला गोड वाटतो, म्हणून फसगत नको, असं म्हणून तो दुसऱ्या वेळी अँप्लिफायरचा आवाज थोडा उतरवायचा. म्हणजे जो काही फरक मला कळला असता तोही जायचा. मी म्हणायचो, "कळतोय ना! एकदम मोकळा!" तीन वर्षं मी हे खोटं बोललो.

पंख्याच्या रेग्युलेटरमुळे गिटार भुणभुणते, म्हणून मे महिन्यातही पंखा बंद. त्याच संशयावरून फ्रिज बंद. वहिनीचं दूध त्यात कितीदा नासलं. खोलीत एकाच दिशेला तोंड केलं की भुणभुण कमी होई, त्यामुळे आतोबा पूर्वेला तोंड करून संध्या करत आणि पलीकडच्या खोलीत दादा वायव्येला तोंड करून बसे. पूर्वी तो एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा, पण तिथल्या लोकांनी "मला दाबलं" असं म्हणून त्याने तो सोडला. आमच्या मराठी मंडळाने गणपतीत त्याला दहा मिनिटं दिली, त्यातली नऊ वायरी जोडण्यात गेली आणि दहाव्या मिनिटाला आरतीची वेळ झाली. "कोई बात नहीं, पुढच्या वर्षी," म्हणत त्याने सामान गुंडाळलं. मी पोट धरून हसलो होतो. तीन वर्षांत मी त्याच्याकडून एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं नाही.

एका रविवारी असंच चाललेलं असताना दार ढकलून आतोबा आत आले. अंगावर उपरणं, हातात पंचपात्री. नाशिकचे एक यजमान घाटावर त्यांची वाट पाहत होते. खुर्ची ओढून ते बसले. म्हणाले, "काय वाजवतोस ते ऐकू दे. थोडा वेळ आहे."

दादाचं तोंड पाहवेना. पन्नाशीचा माणूस, पण शाळकरी पोरासारखा सावरून बसला. आत्या होती तेव्हा पहाटे म्हणायची ती भूपाळी त्याने कधीपासून बसवून ठेवली होती, हे मला वहिनीने सांगितलं होतं. त्याने तीन सूर छेडले, बटण दाबून तेच तीन पुन्हा छेडले आणि सवयीने माझ्याकडे वळला. "फर्क कळतोय?"

मला त्याचा संताप आला. समोर बाप येऊन बसलाय, आणि हा मला काय विचारतोय! "नाही," मी म्हणालो. 'नाही, पण तू वाजव आता' असं म्हणायचं होतं. पण पहिल्या शब्दालाच तो जमिनीवर बसला. वायरी उपसल्या, डबी अँप्लिफायरच्या टोकाला होती ती गिटारच्या टोकाला जोडली, खुंटी फिरवली. "एक मिनट, बाबा." आतोबा म्हणाले, "असू दे, असू दे." तीन सूर. पुन्हा वायरी. पुन्हा तीन सूर. आतोबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. वीस मिनिटांनी खालून कुणीतरी हाक मारली, "गुरुजी!" तसे ते उठले, "येतो" म्हणाले आणि गेले.

त्याच आठवड्यात, देवपूजेला बसलेले असताना, आतोबा गेले.

दादाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर भांडून तरी मोकळा झालो असतो. त्याने गिटार पेटीत घातली, पेटी माळ्यावर गेली, आणि मी कामाच्या सबबी सांगून रविवार चुकवू लागलो.

वर्षश्राद्ध आटोपून दादा घरी गेला, आणि मागे घाटावर मला ते नाशिकचे यजमान भेटले. म्हणाले, "गुरुजी कधी उशीर करायचे नाहीत. फक्त त्या शेवटच्या खेपेला केला. आल्यावर म्हणाले, 'माफ करा, मुलाचं वाजवणं ऐकत बसलो होतो. थोडंच वाजवतो, पण फार जपून वाजवतो.' संकल्प सांगतानाही चेहरा हसरा होता हो त्यांचा."

मी पायऱ्या चढून तडक दादाकडे गेलो आणि हे जसंच्या तसं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"वाजवणं म्हणाले?" त्याने विचारलं. "आवाज नाही, खटपट नाही... वाजवणं?"

"वाजवणं."

वहिनीने ठेवलेला चहा दोघांचाही निवून गेला. मग त्याने मला ते सगळं, यजमान कुठे उभे होते तिथपासून, पुन्हा एकदा सांगायला लावलं.