कव्हरआत्या

आमच्या आत्याला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, पण तो ती अशा थाटात वापरायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई मॅट्रिक पास आहे. तो शब्द म्हणजे कव्हर. “दुधाले कव्हर कर, मांजर फिरून राह्यली.” “पोराच्या कानाले कव्हर कर, गारवा हाय.” “उन्हात चालली तं डोक्याले कव्हर घे.” आमच्या तामसी गावात तिला स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त रेशनकार्डावर. साऱ्या गावाची ती कव्हरआत्याच.

हा शब्द तिला शिलाई मशीनबरोबर मिळाला. बाबांनी त्यांच्या या थोरल्या बहिणीला आदिलाबादला नेऊन मशीन घेऊन दिलं, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, “कव्हर फ्री है, अम्मा.” झालं! मशीनचं पाहून तिनं रेडिओला शिवलं, मग ट्रंकेला, पंख्याला, बाबांच्या सायकलच्या सीटला. एका हिवाळ्यात शेळीच्या पिलालाही शिवलं आणि ते पिलू गावभर मिरवून आलं! कापड जुन्या लुगड्याचं, काठाला मात्र हिरवा पोपट हवाच. पुढे आदिलाबादच्या बाजारात प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि तेलुगू भाजीवाले त्यांनाच कव्हर म्हणू लागले, तेव्हा ती भर बाजारात भांडली. “हे काऊन कव्हर? हे तं पन्नी हाय! कव्हर शिवा लागते.”

घरात टीव्ही आला तेव्हा तर विचारूच नका. रविवारी सकाळी अर्धी गल्ली आमच्या ओसरीवर. तरी आत्या आल्याशिवाय टीव्हीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ती यायची, हात पुसायची, पोपटाचं कव्हर उचलायची, झटकायची, चौघडी करून मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, “हं, लाव आता.” तो क्षण आम्हाला कार्यक्रमापेक्षाही भारी वाटायचा.

आणि मग माझं लग्न निघालं. माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला आहे. एका पोळ्याला तेलाची कढई कलंडली होती. तलमडुगूचं स्थळ येणार म्हटल्यावर आईनं आत्याला बजावलं, “बाही मनगटापावतर शिवा, बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची.” आईला वाटलं, कव्हर म्हटलं की आत्या मशीनवर बसलीच. पण आत्या जागची हलली नाही.

“मूठ कवातरी उघडा लागतेच ना?” ती म्हणाली. “माह्या लग्नात सासरच्यायनं नवऱ्याचा खोकला कव्हर केला व्हता. वर्षात कपाळ पुसून आली मी माघारी. वस्तूले कव्हर असते, माणसाले नसते.”

आई रडायला लागली. “पोरगी घरात राह्यली तं?” बाबा खाली मान घालून बसले. ती भीती मलाही होती. आत्यानं गळ्यातली टेप काढली, मला उभं केलं आणि विचारलं, “तू सांग बाई, बाही कुठवर?” मी कोपराच्या वर बोट ठेवलं. आत्यानं तिथं खडूनं रेघ मारली आणि कात्री चालवली.

पाहुणे आले: मुलगा, त्याचे आईवडील. मी चहा घेऊन गेले. मुलाच्या आईची नजर थेट हातावर.

“हे काय झालं, बाई?”

“भाजलं. कढई कलंडली व्हती, पोळ्याले.”

“आता दुखते?”

“नाई. सारं काम व्हते.”

ती बाई उठली. मला वाटलं, निघाली! पण ती गेली टीव्हीपाशी. पोपटावरून बोट फिरवत म्हणाली, “लय सुरेख शिवलं. आत टीव्ही हाय ना पन?”

आत्यानं टर्रकन कव्हर ओढलं. “पाहून घ्या! ह्या घरात कव्हरखाली काई लपून नाई!”

ती बाई खाली बसली, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मंग आमचंबी आयका. आमच्या पोराले डाव्या कानानं आयकू येत नाई.” नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला, रस्ताभर हे सांगायचं नाही असं ठरवूनच आले होते ते! आणि मुलगा, ज्याच्या डाव्या हाताला आई बसली होती, तो बावरून विचारतो कसा, “काय म्हनली, माय?”

आधी आत्या हसली, मग माझी होणारी सासू, मग सगळी ओसरी. मीही पदर तोंडात कोंबून हसले. माणूस मला तिथंच आवडला. आजही मी त्याच्या उजव्या बाजूला बसते.

पाठवणीच्या दिवशी आत्यानं माझ्या ट्रंकेत नवं कोरं टीव्हीचं कव्हर ठेवलं. मी म्हटलं, “आत्या, त्यायच्या घरी टीव्ही नाई.” ती म्हणाली, “येईल मागून. कव्हर तयार असलं पाह्यजे.” नंतर जीप सुरू झाली तरी ती पुढे येईना. माझ्या भाजल्या हाताला साऱ्या पाहुण्यांपुढे उघडं करणारी माझी आत्या दारामागे उभी होती, तोंडावर घट्ट पदर ओढून.

मी जीपमधून उतरले, तिच्याकडे गेले आणि म्हणाले, “आत्या, काढ ना कव्हर.”

तिनं पदर खाली केला. डोळे सुजलेले, नाक वाहतंय, आणि तशातही हसू. “घे,” ती म्हणाली, “पाहून घे.”

मी पोटभर पाहून घेतलं.