त्याला माझं खरं रडणं हवं होतं

पुण्याहून आलेल्या त्या माणसाला सिनेमा काढायचा होता. स्टुडिओ नको, नटी नको, रंगरंगोटी नको. परंड्यात, आमच्याच घरात, माझ्याच चुलीपुढं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या ह्यांना नाटकाचं भारी वेड. मला न विचारताच त्यांनी होकार देऊन टाकला.

सिनेमात मूल गेलेल्या बाईचं काम मला करायचं होतं. माझं स्वतःचं पोर वर्षापूर्वी गोवरानं गेलं होतं. त्याला ते ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यानं मला निवडलं होतं, हे मला उशिरा कळलं.

चार दिवस त्यानं छळलं. केस विंचरू देईना. कॅमेरा तोंडापासून हातभर अंतरावर. मी डोळ्यांना पदर लावला की ओरडायचा, "नाटक नको, बाई! खोटं दिसतंय." कॅमेरा चालवणारे चाचा गावातलेच फोटोग्राफर. ते मान खाली घालून कॅमेऱ्याला चावी द्यायचे.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "फक्त पाळण्यात बघा." मी वाकले. आत माझ्या बाळाचं टोपडं होतं. पेटीच्या तळाशी मी कुलपात ठेवलेलं, तेच.

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला, आठवत नाही. त्याचा मात्र आठवतो. "वा! हलू नका. चाचा, आणखी जवळ!"

चाचांनी कॅमेरा थांबवला. "बस करो, साहब."

मी टोपडं कमरेला खोचलं. "चाचा, हा कॅमेरा कुठनं उघडतोय?"

त्यांनी बोटानं खिटी दाखवली. मी झाकण उघडलं आणि ऊन लागून सगळं चित्र पुसून जावं म्हणून आतली फीत ओढत ओढत अंगणात नेली.

तो मागं धावला. "अहो, काय करताय! इतकं खरं पुन्हा मिळणार नाही!"

"न्हायच मिळायचं. चालते व्हा माझ्या घरातनं."

दुपारच्या कुर्डुवाडीच्या गाडीनं तो गेला. मग मी ह्यांच्याकडं वळले. "पेटीची किल्ली त्याला कुणी दिली?"

हे जागचे हलले नाहीत. "सिनेमाच व्हता की. एवढं काय त्यात?"

त्या पुणेकराचा चेहरासुद्धा आता मला नीट आठवत नाही. ह्यांच्याशी मात्र मी दिवाळीपर्यंत एक शब्द बोलले नाही. दोन्ही वेळचं ताट वाढून समोर सरकवायची आणि आत निघून जायची. पुढं बोलायला लागले, तेही कामापुरतंच.